पडून न मोडणारं हाड

एक्स-रे काढणाऱ्यानं फिल्म वाचायची नसते. नोकरीवर रुजू झालो त्याच दिवशी मला हे बजावून सांगितलं होतं. आपण फोटो काढायचा, धुवायचा, वाळवायचा आणि पाकिटात घालून डॉक्टरांकडं पाठवायचा. कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात साठच्या दशकाच्या अखेरीपासून ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत मी हेच काम केलं आणि तो नियम पहिल्या सहा महिन्यांतच मोडला. दिवसाला चाळीस-पन्नास फिल्म नजरेखालून जायच्या. वाचायचं नाही म्हटलं तरी डोळे ऐकत नाहीत.

ह्या अंकाच्या संपादकांनी गमतीचे किस्से मागितले होते. ते आहेत माझ्याकडं. छातीचा फोटो म्हटल्यावर फेटा बांधून, मिशीला पीळ देऊन मशीनपुढं उभा राहिलेला तालमीतला पैलवान मी बघितलाय. 'ह्यात मनातलं दिसतंय का वो?' असं कुजबुजत विचारणारी म्हातारीही आठवते. पण लिहायला बसलो की हे सगळं बाजूला राहतं आणि मी उठून घरातल्या घरात येरझाऱ्या घालायला लागतो. म्हणून ज्यापायी येरझाऱ्या घालतो तेच लिहितो. माणसांची नावं बदललीत. काही ठिकाणं मुद्दामच सांगितलेली नाहीत.

आधी हाडांचं सांगतो. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, एक अंगठ्याच्या बाजूला आणि एक करंगळीच्या. माणूस घसरला की तळहात टेकतो. मग मोडतं ते मनगटाजवळ, बहुतेक वेळा अंगठ्याकडचं. करंगळीच्या बाजूचं एकटंच हाड मधोमध मोडलेलं दिसलं, तर तो माणूस बहुधा पडलेला नसतो. डोकं वाचवायला त्यानं हात आडवा धरलेला असतो आणि हातावर काहीतरी बसलेलं असतं. हे मला एका वयस्क सर्जननी शिकवलं. शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीत काठी अडवलेल्या गड्याची फिल्म उजेडापुढं धरून ते म्हणाले, "हे हाड पडून मोडत नाही. लक्षात ठेव."

मी लक्षात ठेवलं. पुढं तसल्याच फिल्म बायकांच्या दिसायला लागल्या. केसपेपरवर लिहिलेलं असे, 'मोरीत घसरून पडली.'

अशी पहिली बाई नीट कळली तेव्हा मी पंचवीस-सव्वीस वर्षांचा होतो. डावा हात, करंगळीकडचं हाड मधोमध मोडलेलं आणि त्याच्या खाली बोटभर अंतरावर जुनं मोडून जुळल्याची गाठ. मी फिल्म ओली असतानाच बाहेर आलो आणि हुशारी दाखवत तिच्या नवऱ्यालाच विचारलं, "ह्या आधीही कधी पडल्या होत्या काय? जुनं मोडलेलं दिसतंय."

त्यानं बायकोकडं बघितलं. ती लगेच उठून उभी राहिली. प्लास्टर घालायला त्यांना शेजारच्या खोलीत जायचं होतं. ती दोघं तिकडं गेलीच नाहीत. पाकीट माझ्या टेबलावर पडून राहिलं. मोडका हात घेऊन ती बाई कुठं गेली, तिचं पुढं काय झालं, मला आजपर्यंत ठाऊक नाही.

आमच्या खात्यात जुबेदाबी नावाच्या आयाबाई होत्या. फोटोआधी बायकांना दागिने, पोलकं काढून दवाखान्याचा झगा घालायला त्या मदत करत. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या, विधवा, मोजकं बोलणाऱ्या. त्या दिवशी पाकिटाकडं बघत म्हणाल्या, "मास्तर, तुमी तिला घरला जाऊन मार खायची सोय केलासा."

मला सगळे मास्तर का म्हणत हे मला कधीच कळलं नाही. त्या दिवशी तर ती हाक झोंबली. मी म्हणालो, "तुम्ही इतकी वर्षं बघताय, मग कधी बोलला का नाही?"

"कुनाला सांगू? तुमालाच सांगायचं न्हवं, आनि तुमी सांगनार तिच्या नवऱ्याला."

मला हाडं दिसायची आणि जुबेदाबींना कातडी. दंडावरचे बोटांचे वळ, पाठीवरचे पट्टे, कपड्याखाली झाकतील अशाच जागी दिलेले डाग. आम्ही दोघं एकाच खोलीत उभे राहून ह्या गोष्टीचा अर्धा-अर्धा भाग बघत होतो आणि एकमेकांना सांगत नव्हतो.

नंतरच्या आठवड्यात त्या मला कांबळेबाईंकडं घेऊन गेल्या. बाई नगरपालिकेच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. दोन खोल्यांचं घर, बाहेर शिवणवर्गाची पाटी, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली सहा मशीन. दिवसा तिथं बायका परकर, झबली शिवायला शिकत. त्यांतल्या एक-दोघी संध्याकाळी घरी जात नसत, हे गल्लीतल्या फार थोड्यांना माहीत होतं. पेठेचं नाव मी आजही सांगणार नाही.

बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि वर्गातल्या पोराला सांगावं तसं सांगितलं, "नवऱ्यासमोर विचारायचं नाही. सासूसमोर नाही, आईसमोरसुद्धा नाही. मारतो का, असं विचारलं तर ती नाहीच म्हणेल. घरी भीती वाटते का, एवढंच विचारा. नाही म्हणाली तर सोडून द्या, पण तिला पुन्हा येता येईल असं वागा. आणि पत्ता कागदावर लिहून देऊ नका. कागद सापडतो."

"आणि हो म्हणाली तर?"

"तर तिला काय हवं ते करायचं. तुम्हाला काय वाटतं ते आपल्यापाशी ठेवायचं."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण आत शिरलं नाही.

दवाखान्यात बाईमाणूस कधी एकटं सापडत नाही. ओपीडीत नवरा शेजारी, ड्रेसिंगला सासू शेजारी, औषधाच्या खिडकीवर दीर. माझी खोली तेवढी निराळी होती. 'किरणं लागतात, बाहेर थांबा' म्हटलं की भलेभले बाहेर थांबत. जाड दार लागलं की आत पेशंट, जुबेदाबी आणि शिशाच्या आडोशाआड मी. माझ्या मागं डार्करूम, म्हणजे फिल्म धुवायची अंधारी खोली, आणि तिला एक दार मागच्या अंगणात उघडणारं. तिथं दवाखान्याच्या चादरी वाळत असत.

पुढच्या चार-पाच वर्षांत जुबेदाबींनी किती जणींना हळूच विचारलं ते मी मोजलं नाही. बऱ्याचजणी नाही म्हणाल्या. काही रडल्या आणि तशाच घरी गेल्या. दोघी-तिघी पुढं कधीतरी बाईंच्या दारात उभ्या राहिल्या. मी त्यात फक्त दार लावायचं काम करत होतो आणि तेवढ्यावर आपण फार मोठं काही करतोय असं मला वाटायला लागलं होतं. अशात शालन आली.

ती चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. माहेर कोडोलीचं, दिलेली इचलकरंजीला. नवऱ्याचे स्वतःचे चार माग. पांढरा स्वच्छ शर्ट, मऊ बोलणं, दारूचा वास नाही. त्यानं तिला बाकावर बसवलं, पाणी आणून दिलं. मी तिला नाव विचारलं, तर सांगितलं त्यानं. कुठं दुखतंय विचारलं, तेही त्यानंच सांगितलं. "जिन्यावरनं पडली. डाव्या अंगाला दुखतंय म्हणती."

"इचलकरंजीत दाखवलं नाही?"

"तिथला डॉक्टर लई चौकशा करतोय," तो हसून म्हणाला.

छातीचा फोटो काढला. डार्करूमच्या लाल दिव्यात फिल्म डेव्हलपरमधून वर काढली. डावीकडं एक बरगडी ताजी मोडलेली. तिच्या वर-खाली तीन बरगड्यांवर गाठी, एक जुनी घट्ट, दोन त्यामानानं नव्या. जिन्यावरून माणूस एकदा पडतो. इथं निदान तीन वेगवेगळ्या दिवसांचं मोडणं होतं.

मी बाहेर जाऊन नवऱ्याला सांगितलं, "त्या हलल्या. फोटो परत काढावा लागेल."

फिल्म उत्तम आली होती. वाया गेलेल्या फिल्मची वहीत नोंद करायला लागे, आणि माझी फिल्म वाया गेली हे लिहिताना मला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं. मशीनचं बटण अर्धं दाबलं की किरणं सुटत नाहीत, नुसती घरघर होते. बाहेर ऐकू जावं म्हणून मी ते अर्धं दाबून धरलं.

जुबेदाबींनी तिच्या झग्याची नाडी बांधता बांधता विचारलं, "घरात भ्या वाटतंय का बाळ?"

मी घरघर थांबवली, पुन्हा सुरू केली.

"वाटतंय," ती म्हणाली. "पर पोरगी हाय घरात. चार वर्साची. तिला टाकून मी कुठं जात न्हाय."

जुबेदाबींनी तिला बाईंचा पत्ता सांगितला आणि तिच्याकडून तो दोनदा म्हणवून घेतला. बाईंच्या शिकवणीप्रमाणं आमचं काम तिथं संपलं होतं. मला मात्र स्वस्थ बसवेना. ही आता इचलकरंजीला जाणार, पुढची बरगडी मोडणार आणि तेव्हा नवरा तिला मिरजेला नेणार, हे मला फिल्मसारखं स्वच्छ दिसत होतं. फिल्म घेऊन मी डॉक्टरांकडं गेलो. "साहेब, छातीत डाग वाटतोय. पंधरा दिवसांनी परत बोलवायला पाहिजे. क्षय असला तर घरातल्या मुलीचाही फोटो काढायला लागेल."

साहेबांनी फिल्म उजेडाला धरली. "डाग कुठं आहे?"

"मला दिसला."

"तुला वाचायला कुणी सांगितलं?"

त्यांची नजर बरगड्यांवरून एकेक करत खाली आली. दारात पेशंट दाटले होते. त्यांनी पेन उघडलं, केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या आणि मान वर न करता म्हणाले, "पुढचा पाठव."

क्षय हा शब्द ऐकल्यावर तिच्या नवऱ्याचा चेहरा उतरला. बायको बाकावरून उठली, तेव्हा तो तिच्यापासून दोन पावलं मागं सरकला. शालनला काही विचारायला, काही सांगायला मला संधी मिळाली नाही. खरं म्हणजे मी ती शोधली नाही.

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते माझी बायकोच जाणे. जेवताना उठायचो. सायकलवरून दवाखान्याकडं जाताना अर्ध्या वाटेत थांबायचो. जुबेदाबींना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "पोरीला इचारलं हुतं का?"

पंधरवड्यानंतर ते आले. नवरा, त्याची आई आणि आईच्या कडेवर ती मुलगी. शालन बाकाच्या टोकाला एकटी बसली होती. तिच्याशेजारची जागा त्या गर्दीतही रिकामी होती. मी दारात उभा राहून म्हणालो, "लहान मूल हलतं. आईनं धरायला लागतं. बाकीच्यांनी बाहेर थांबा, किरणं लागतात." सासूनं मुलगी खाली ठेवली. ती पळत आईकडं गेली आणि शालननं तिला उचलायच्या आधी हात मागं घेतला.

दार लावल्यावर जुबेदाबींनी विचारलं, "कशी हायस?"

"मागाच्या शेडमागं खोली हाय, तिथं ठेवलं," ती म्हणाली. "ताट येगळं, तांब्या येगळा. पोरीला जवळ येऊ दिलं न्हाय. पर हात न्हाय लावला पंधरा दिवस. भ्याला."

मी आडोशामागून बाहेर आलो. सांगणं भाग होतं. "तुम्हाला काही झालेलं नाही. छाती साफ आहे. मी खोटं बोललो, मुलीला आणता यावं म्हणून."

तिनं माझ्याकडं बघितलं. "म्हंजे मला काय न्हाय?"

"नाही."

"मी रोज रडत हुतो," ती म्हणाली. आमच्या भागात बायका असंच बोलतात, हुतो, गेलो, आलो. "पोरीला लागंल म्हनून तिचा मुका बी घेतला न्हाय. दारातनं हाक मारायची, तर मी आतनं कडी लावत हुतो."

तिनं मला शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं. तिनं खाली बसून मुलीला पोटाशी धरलं आणि तिच्या केसांत तोंड घातलं. बाहेर कुणीतरी दाराला टेकल्याचा आवाज झाला. मी बटण अर्धं दाबलं. घरघर सुरू झाली.

जुबेदाबी तिच्याजवळ बसल्या. "मागं दार हाय. मी संगं येतो. जायाचं का न्हाय त्ये तू सांग. न्हाय म्हनलीस तरी चालंल."

शालन उठली. "चला," म्हणाली.

लाल दिव्याच्या खोलीतून जाताना मुलीला भीती वाटली आणि ती रडायला लागली. पण एक्स-रेच्या खोलीत पोरं रडतातच, बाहेर कुणाला त्याचं काही वाटलं नाही. चादरींच्या रांगांमधून तिघी गेल्या. मी दार लावलं आणि मशीनपाशी नुसताच दहा मिनिटं उभा राहिलो. मग पुढचं दार उघडलं.

"झाला का फोटो?" नवऱ्यानं विचारलं.

"त्या गेल्या मागच्या दारानं."

तो ओरडेल, अंगावर येईल अशी माझी तयारी होती. त्यानं खोलीत डोकावून बघितलं, शर्टाची बाही नीट केली आणि पहिल्या दिवशीच्याच मऊ आवाजात म्हणाला, "मास्तर, तुमचं घर कुठं हाय?"

त्यानंतर वर्षभर मी घरी जायच्या वाटा बदलत होतो.

चौकशी झाली. नवऱ्यानं तक्रार दिली होती. साहेबांनी कागदावर लिहून दिलं की दोन्ही वेळा पेशंटला फोटोसाठी त्यांनीच पाठवलं होतं. ह्या विषयावर ते माझ्याशी कधी एक शब्द बोलले नाहीत. कांबळेबाईंनी ओळखीच्या वकिलाबरोबर शालनला पोलिसांपुढं नेलं. तिनं सांगितलं, मी माझ्या मर्जीनं आलेय. आपण जिंकलो असं मला वाटलं.

दोन महिन्यांनी शालन परत गेली. कोडोलीहून भाऊ आला, बरोबर गावातले चार वडीलधारे. नवरा त्यांच्यासमोर पाया पडला, शपथ घेतली. भाऊ म्हणाला, "माझ्या बी घरात दोन पोरी लग्नाच्या हायत." तिनं मशीनवरचं अर्धं झबलं तसंच ठेवलं आणि ती गेली.

मी बाईंच्या घरी जाऊन बरंच बोललो. आपण नोकरी पणाला लावली, जुबेदाबींनी लावली, आणि हिनं असं करावं. बाई काजं करत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "तुमच्यासाठी निघाली होती का ती? बायका अशा दोन-दोनदा, चार-चारदा जातात. परत गेली म्हणून आपण दार लावायचं नसतं. आणि मास्तर, तुम्ही तिला न विचारता क्षयाची केलीत, तिच्या नवऱ्यानं न विचारता मागाच्या खोलीत ठेवलं. फरक आहे, मला माहीत आहे. पण तिला पंधरा दिवस तो फरक दिसला नसेल."

मी चहा न पिता उठलो. चार दिवस बाईंचा राग आला होता. मग तो गेला आणि जे उरलं ते अजून आहे.

सहा-सात महिन्यांनी एका दुपारी शालन स्वतःहून आली. एसटीनं, मुलीला घेऊन, हातात एक पिशवी. ह्या वेळी फोटो नाही, डाग नाही, माझी घरघर नाही. बाजारच्या दिवशी घरातून निघाली आणि सरळ बाईंच्या दारात उभी राहिली. बाईंनी तिला त्याच आठवड्यात दुसऱ्या गावी एका मुलींच्या वसतिगृहात शिवण शिकवायच्या कामावर पाठवलं. त्या गावाचं नाव आम्ही तिघंच जाणत होतो. भावाला पुढं पश्चात्ताप झाला म्हणतात, पण त्यालाही सांगितलं नाही. मुलगी तिथंच शाळेत गेली. वर्षातून एकदा बाईंकडं पत्र यायचं, त्यात मुलीचे मार्क लिहिलेले असायचे.

नंतर कायदा झाला, अशा बायकांसाठी संस्था निघाल्या. चांगलं झालं. जुबेदाबी निवृत्त झाल्या आणि बाईही थकल्या.

माझी नोकरी संपायला वर्ष राहिलं असताना एका सकाळी केसपेपरवर मी इचलकरंजीचं नाव वाचलं. पेशंट आत आला. केस पांढरे झालेले, खोकला, खांदे उतरलेले. शर्ट मात्र तसाच स्वच्छ. आम्ही दोघांनी एकमेकांना ओळखलं. मी त्याला प्लेटीपुढं उभं केलं, हनुवटी वर करायला सांगितली, त्याचे खांदे धरून पुढं केले. सूतगिरणीतल्या माणसासारखं त्याच्या अंगाला तेल आणि कापसाचा वास होता.

तो भिंतीकडं तोंड करूनच बोलला. "मास्तर, ती कुठं हाय म्हनून न्हाय इचारत. पोरगी शाळंत जाती का, एवढंच सांगा."

त्या वर्षीचं पत्र येऊन महिना झाला होता. मुलगी सातवीत होती, गणितात वर्गात पहिली. हे त्याला सांगावं असं मला एकदम वाटलं. दया म्हणून वाटलं की त्याला टोचावं म्हणून, ते मला तेव्हाही कळलं नाही. एवढं सांगितल्यानं काय बिघडणार होतं? पण सातवी म्हटलं की शाळा आली, शाळा म्हटलं की गाव शोधता येतं. आणि ते सांगायचं की नाही, हे ठरवायचा हक्क माझा नव्हता.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो. "श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका."

फोटो चांगला आला. त्यानं सावकाश गुंड्या लावल्या, पाकीट घेतलं आणि तो गेला. बाहेर बाकावर पेशंटांची रांग लागली होती. मी दार लावलं, आतून कडी घातली आणि दहा मिनिटं त्या खोलीत इकडून तिकडं चालत राहिलो. सगळ्या नोकरीत पेशंटना तेवढंच एकदा मी माझ्यासाठी थांबवलं.